थोरलीच्या हृदयाची ठेव

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. मेण म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर मेणबत्ती येते, हे मला ठाऊक आहे. मेणबत्ती माझी चुलतबहीण. ती उजेड देते, म्हणून तिला सगळे ओळखतात. मी काडेपेटीपेक्षाही लहान, पांढुरका, वर्षानुवर्षे खणात पडून राहिलेला. मला कोण ओळखणार? पण माझ्या पोटात जे होते, ते तिच्या पोटात कधीच नव्हते. माझ्या पोटात एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हृदयाचा तुकडा होता.

घाबरू नका. ही भुताखेताची गोष्ट नाही. माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत झाला. माणसाला काय झाले, हे बाहेरून कळले नाही की तिथे शरीराचा इवलासा तुकडा घेऊन पाहतात. आधी तो फॉर्मॅलिन नावाच्या उग्र वासाच्या पाण्यात ठेवतात. मग त्यातले सगळे पाणी काढून टाकतात आणि पाण्याच्या जागी वितळलेले मेण भरतात. मेण थिजले की ठोकळा तयार. आता त्याच्या इतक्या पातळ चकत्या निघतात की केसाच्या जाडीत पंधरा मावतील. चकती काचेवर ठेवायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. सांगायला सोपे आहे, पण करणाऱ्याचा हात हलला तर सगळे मुसळ केरात.

माझ्या करणाऱ्याचा हात हलत नसे. त्यांना सगळे मेणवाले काका म्हणत. तेव्हा ते पस्तिशीचे होते, म्हणजे काका म्हणण्याएवढे मोठे नव्हते, पण वाकून वाकून पाठीला पोक आले होते आणि त्या पोकामुळे काकापण लवकर आले. कापण्याआधी ते आम्हाला बर्फावर पालथे ठेवत. "गार डोकं आणि धारदार सुरी, एवढंच लागतं," असे नव्या मुलामुलींना सांगत. आमच्याशीही बोलत. "चला, नीट बसा, हलू नका," असे. आम्ही हलणार कुठे होतो?

काकांचे एकाच गोष्टीशी वाकडे होते, आणि ती गोष्ट म्हणजे चरबी. चरबीत मेण नीट शिरत नाही. चकती फाटते, सुरीला चिकटते, पाण्यावर सोडली की पसरते. दिवसाला शंभर ठोकळे कापणाऱ्या माणसाला असला एक तुकडा पुरेसा असतो. म्हणून काका एकदा वरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. तुकडे निवडून, छाटून खाली पाठवायचे काम त्यांचे. काका म्हणाले, "मॅडम, चरबी तेवढी काढूनच देत जा हो. माझा अर्धा दिवस तिच्यात जातो." मोठ्या मॅडम भल्या बाई होत्या. हाताखालच्या माणसाचा त्रास त्यांना दिसत असे. "बरं, काढून देत जाईन," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून छाटू लागल्या. एकमेकांचे काम सोपे करणाऱ्या दोन चांगल्या माणसांचे हे बोलणे होते. मित्रांनो, ते लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यातूनच झाले.

मी जन्मलो त्या दिवशी आलेल्या कागदावर एवढेच लिहिले होते, की मुलगी, वय एकोणीस, जिना चढताना कोसळली, आधी काही आजार नव्हता. मोठ्या मॅडमनी हृदय उघडून पाहिले. उजव्या बाजूच्या भिंतीवर पिवळा थर होता. तिथे थोडी चरबी सगळ्यांच्याच हृदयाला असते. त्यांनी सवयीने ती छाटली आणि लालसर स्नायूचा तुकडा तेवढा ठेवला. छाटलेले सगळे बादलीत गेले. एका कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी चरबी राहून गेली, ती नजरेतून सुटली म्हणून.

खरे सांगू का, मला त्या कोपऱ्याची लाज वाटे. बाकी मी असा देखणा झालो होतो की काकांनी मला उजेडात धरून फिरवून पाहिले. माझी पहिली चकती अखंड उतरली. काकांनी नव्या मुलांना बोलावून दाखवले. "ठोकळा असा हवा. बघा, कुठे फाटलंय का?" त्या वर्षी शिकणाऱ्या प्रत्येक तुकडीला माझी काच दाखवली गेली. मी फुशारून गेलो. माझ्या अहवालात मोठ्या मॅडमनी लिहिले, "हृदयाच्या स्नायूत दोष नाही. मृत्यूचे कारण सांगता येत नाही." ते वाचूनही माझी मान ताठच होती. मी निर्दोष आहे, असे मला वाटले. आपण कोणाची ठेव सांभाळतो आहोत आणि ती काय सांगू पाहते आहे, हे त्या वयात मला सुचले नाही. वरून देखणेपण आणि आत अंधार, दुसरे काय?

मग मला खणात ठेवले. अंगावर क्रमांक, शेजारी इतर क्रमांक, आणि वर पत्र्याचे झाकण. आधी वर्षातून एकदा कोणीतरी खण उघडे. मग तेही बंद झाले. उन्हाळ्यात आमचे अंग मऊ होई, हिवाळ्यात तडतडे. मी माझ्या चकतीचे कौतुक शेजाऱ्यांना इतक्यांदा सांगितले की ते झोपेचे सोंग घेऊ लागले. आधी मला कंटाळा आला, मग राग आला, आणि शेवटी माझ्या पोटातल्या मुलीची आठवण येऊ लागली. तिला मी कधी पाहिले नव्हते. तिच्या घरचे तिला काय हाक मारत, हेसुद्धा मला माहीत नव्हते. आम्ही दोघे एकाच अंधारात होतो, एवढेच आमचे नाते.

वीस वर्षे झाल्यावर वरून हुकूम आला की जागा नाही, जुने ठोकळे टाकून द्या. काकांनी दोन दिवस बसून जुन्या वह्या चाळल्या. हजारो ठोकळे पोत्यांत भरले गेले. माझे शेजारीही गेले. पण काकांनी एक यादी केली होती. ज्यांचे वय तिशीच्या आतले होते आणि ज्यांच्या मृत्यूचे कारण सापडले नव्हते, असे एकेचाळीस ठोकळे त्यांनी बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात भरून स्वतःच्या खुर्चीखाली सरकवले. साहेबांनी विचारले, "हे कशाला?" काका म्हणाले, "यांचं उत्तर अजून द्यायचंय." साहेब हसले. काका हसले नाहीत.

त्यानंतर तीन वर्षांनी एक तरुण डॉक्टर जिना उतरून खाली आल्या. आजार आईवडिलांकडून मुलांकडे कसे येतात, हे त्या रक्तावरून शोधत. त्यांच्या हातात चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर माझा क्रमांक. "तेवीस वर्षांपूर्वीचा आहे. नसेलच, पण विचारून बघते," त्या म्हणाल्या. काकांनी खुर्ची मागे सरकवली, खोके ओढले आणि मला काढून त्यांच्या हातावर ठेवले. डॉक्टरांनी माझा क्रमांक चिठ्ठीशी दोनदा ताडून पाहिला.

मग त्यांनी सगळे सांगितले. अकरा वर्षांची एक मुलगी शाळेच्या आवारात दोरीच्या उड्या मारताना पडली होती. मिनिटभराने उठली, पण आई घाबरून तिला घेऊन आली. बोलता बोलता आई म्हणाली, "माझी मोठी बहीण अशीच गेली. जिन्यात." डॉक्टरांनी मुलीचे रक्त तपासले. तेव्हा एका जनुकात एक अक्षर बदललेले सापडले.

"जनुक म्हणजे शरीराला दिलेल्या सूचना समजा," डॉक्टर म्हणाल्या. "ही सूचना शिवणीची आहे. हृदयाच्या स्नायूच्या पेशी एकमेकींना शिवलेल्या असतात. सूचना चुकली की शिवण कच्ची राहते. हृदय जोरात पळायला लागलं की ती उसवते."

"मग?" काकांनी विचारले. ते माझ्या अंगावरची धूळ पुसत होते.

"मग उसवलेल्या जागी शरीर ठिगळ लावतं. चरबीचं. बहुतेक वेळा उजव्या बाजूला."

काकांचा हात थांबला. फडके माझ्यावर तसेच राहिले.

"पण अडचण अशी आहे," डॉक्टर पुढे सांगू लागल्या, "की हे बदललेलं अक्षर निरुपद्रवीही असू शकतं. प्रत्येकाच्यात अशी पुष्कळ अक्षरं वेगळी असतात. आम्ही हे पहिल्यांदाच पाहतोय. मुलीच्या हृदयाच्या चित्रात अजून नीटसं काही दिसत नाही. उगाच जन्मभर तिला बसवून ठेवायचं, की उगाच पळू द्यायचं, हे ठरवता येत नाही. तिच्या मावशीला हाच आजार होता का आणि तिच्यात हेच अक्षर होतं का, एवढं कळलं तर ठरवता येईल. आणि मावशीचं आता एवढंच उरलंय."

सूक्ष्मदर्शकाशी त्याच बसल्या. काकांनी माझी ती जुनी, कौतुकाची काच शोधून दिली. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिल्या. काचेचा मधला देखणा भाग त्यांनी भरभर ओलांडला. त्या कोपऱ्यावर थांबल्या, त्याच कोपऱ्यावर, ज्याची मी तेवीस वर्षे लाज धरली होती.

"इथे आहे," त्या म्हणाल्या. "चरबी, आणि तिच्यात अडकलेले स्नायूचे दोन-चार तुकडे. ही नेहमीची चरबी नाही. पण फार थोडी आहे, काका. एवढ्यावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. बाकीची कुठे गेली?"

काकांनी चष्मा काढला. "मीच सांगितलं होतं मॅडमना, काढून टाका म्हणून," ते म्हणाले. "सुरीला चिकटते म्हणून."

डॉक्टरांनी त्यांना 'जाऊ द्या' म्हटले नाही. त्या नुसत्या त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. मित्रांनो, मी त्या दिवशी मनातल्या मनात माझ्या सगळ्या कौतुकाचा चुरा केला. ज्या स्वच्छपणासाठी मला नावाजले होते, तोच खोटा होता. तेव्हा ती चरबी माझ्यात असती, तर मोठ्या मॅडमना शंका आली असती. कोणीतरी त्या घरी जाऊन म्हटले असते, की दुसऱ्या मुलीलाही तपासून घ्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या बारा चकत्या कापून एका नळीत घातल्या. वरच्या मजल्यावर त्यांतून अक्षरे वाचायचा प्रयत्न झाला. आठ दिवसांनी डॉक्टर पुन्हा खाली आल्या आणि मान हलवली. हृदयाचा तुकडा कधीतरी सुट्टीच्या दिवसांत फॉर्मॅलिनमध्ये जास्त पडून राहिला असावा. अक्षरांचे बारीक तुकडे झाले होते, वाचण्याजोगे फार थोडे. "दुसरी एक पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "पण तिला हा सगळाच्या सगळा लागेल. काही उरणार नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

म्हणून एका दुपारी त्या घरातल्या तिघी आल्या. प्रयोगशाळेला लागून एक छोटी खोली आहे. तिथे चार खुर्च्या, एक टेबल आणि टेबलावर पाण्याचा तांब्या, एवढेच. मला पांढऱ्या कागदावर ठेवले होते. आधी आजी आत आली. तिच्या मागून तिची मुलगी, जिला आजी धाकटी म्हणत होती. आणि सगळ्यांना ओलांडून नात खिडकीशी पोचली. तिला घरात भिंगरी म्हणतात, हे मला लगेच कळले, कारण पाच मिनिटांत तिला त्या नावाने चार वेळा दटावले गेले.

आजीला वाटले होते, कसलीतरी सही हवी असेल. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून समजावले, तेव्हा तिने दोनदा विचारले, "म्हणजे थोरलीचं काहीतरी अजून आहे?"

मला तिचे नाव तेव्हा मिळाले, थोरली.

आजीने मला उचलले आणि तळहातावर घेतले. तिच्या हाताला साबणाचा वास होता. तिने अंगठा माझ्यावर ठेवला आणि उचललाच नाही. मेण उबेने मऊ पडते. माझ्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. मला इतक्या वर्षांत इतका वेळ कोणी हातात धरले नव्हते.

"आम्ही खाली उतरलो होतो," आजी बोलू लागली. कोणी विचारले नव्हते. "चौथ्या मजल्यावर घर. अजून तिथेच आहे. धाकटीला दवाखान्यात न्यायचं होतं, सर्दी झालेली. खाली आल्यावर मला वाटलं, गॅस चालूच राहिला. म्हटलं, थोरले, पळत जाऊन बघून ये गं, उशीर होतोय. ती गेली. दोन-दोन पायऱ्या घेत जायची. मी खालून ओरडले, लवकर ये. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सापडली ती."

भिंगरीसुद्धा खिडकीशी उभी राहून ऐकत होती.

"गॅस बंदच होता," आजी म्हणाली.

डॉक्टरांनी थोडे थांबून सगळे पुन्हा सांगितले. ठोकळा पूर्ण संपेल, कदाचित उत्तर मिळेल, कदाचित मिळणारही नाही. आजीने मूठ मिटली. "नको," ती म्हणाली. "हे मला घरी न्यायचंय. तिचं काहीच नाही माझ्याकडे. कपडे देऊन टाकले, फोटो बघवत नाहीत. एवढं राहू दे."

"आई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "अगं, ती गेली. ही आहे अजून. ही जिवंत आहे."

"मला कळतं ते."

"मग दे ना. तेवीस वर्षं तू तिलाच धरून बसलीस. मी पण होते त्या जिन्याखाली. बारा वर्षांची. माझ्या सर्दीसाठी निघालो होतो आपण. मला कधी विचारलंस, मला काय वाटतं ते?"

आजीने तिच्याकडे पाहिले. बहुधा बऱ्याच वर्षांनी नीट पाहिले असावे. तेव्हा भिंगरी खिडकीपासून आली आणि आजीच्या मुठीकडे बघत म्हणाली, "आजी, मावशी माझ्यासारखीच पळायची?"

"तुझ्यापेक्षा जोरात."

"मग मला पण होणार का तसं?"

आजीने मूठ उघडली. मला कागदावर ठेवले, पण बोट लगेच काढले नाही. मग दारात उभ्या असलेल्या काकांना म्हणाली, "तुम्ही कापणार का? घाई करू नका. तिला एकदा घाईत पाठवलंय मी."

"सावकाशच कापीन, ताई," काका म्हणाले.

माझे शेवटचे काम एका सकाळी झाले. काकांनी नवी सुरी लावली, मला बर्फावर ठेवले आणि नेहमीसारखे 'नीट बसा' म्हटले नाही. पहिल्या चकत्यांबरोबर आजीच्या अंगठ्याचा ठसा गेला. मला त्याचे वाईट वाटले. मग चकत्यांमागून चकत्या निघत राहिल्या, रिबिनीसारख्या एकमेकींना लागून. चरबीचा कोपरा दोनदा फाटला. काकांनी तो फाटका तुकडाही ब्रशाने टिपून नळीत घातला. एक कणही खाली पडू दिला नाही. दुपारपर्यंत, ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर मला बसवले होते, तिला चिकटलेली मेणाची कड तेवढी उरली. थोरली माझ्यातून गेली होती. आजवर मला वाटत असे की मी तिला सांभाळतो आहे. रिकामा झाल्यावर कळले, की मला जे काही वजन होते ते तिचे होते.

सव्वा महिन्याने त्या तिघी पुन्हा त्याच खोलीत बसल्या. मी पाकिटात होतो, आजीला परत द्यायला आणलेला. पाकिटाचे तोंड उघडे होते. या वेळी अक्षरे वाचता आली होती.

थोरलीत तेच बदललेले अक्षर सापडले. दूरच्या एका प्रयोगशाळेत आणखी एका कुटुंबात तेच अक्षर आणि तोच आजार सापडला होता. आता डॉक्टरांना फारशी शंका उरली नव्हती. भिंगरीत ते होते. धाकटीत होते. आणि आजीच्या रक्तातही होते. ते आजीकडून आले होते.

"माझ्याकडून," आजी म्हणाली.

"हो."

"पण मला कधी काही झालं नाही. या वयात चार मजले चढते मी."

"काहींना होतच नाही, आजी. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

आजीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. "तेवीस वर्षं मी त्या जिन्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "आता कुणाला घालू?"

"कुणालाच नाही. तुम्हालाही ते कुणीतरी न विचारताच दिलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं."

"एक विचारू? खरं सांगा. मी तिला वर पाठवलं नसतं तर?"

डॉक्टरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तर त्या दिवशी कदाचित काही झालं नसतं. पुढे कधी झालं असतं का, ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही."

आजीने मान डोलावली. तिला खरे हवे होते आणि ते मिळाले, पण त्याने ती आणखी वाकली. धाकटीने खुर्ची सरकवून तिचा हात हातात घेतला. या वेळी आजीने तो घट्ट धरला.

तेव्हा काका पुढे झाले. त्यांनी हे बोलायचे ठरवून ठेवले असावे, कारण सगळे एका दमात बोलले. "ताई, तिच्या हृदयाला जी चरबी होती, तीच खूण होती. ती आमच्याकडे छाटून टाकली. मी तसं सांगून ठेवलं होतं, माझी सुरी अडते म्हणून. नाहीतर तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. ही पोरगी पडेपर्यंत थांबावं लागलं नसतं."

आजीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले, आता शिव्या घालायला तिला कोणीतरी सापडले. पण ती हळूच म्हणाली, "तुम्ही सुरी बघितलीत. मी गॅस बघितला."

काकांना रडू आले आणि त्यांनी ते लपवले नाही. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. खुर्चीखालच्या खोक्यात अजून चाळीस ठोकळे होते. त्याच आठवड्यापासून डॉक्टर एकेक क्रमांक घेऊन जाऊ लागल्या, हे मात्र मला जाता जाता कळले.

भिंगरीला गोळ्या मिळाल्या आणि दोघी मायलेकींनी दर सहा महिन्यांनी तपासायला यायचे ठरले. पुढे लागले तर छातीत एक छोटे यंत्रही बसवतील. पळायचे नाही, दोरीच्या उड्या मारायच्या नाहीत, शर्यत तर नाहीच.

"शनिवारी माझी शर्यत आहे," भिंगरी म्हणाली.

धाकटीने तिला जवळ ओढले, तेव्हा तिला कळले. ती रडली नाही. "जिना चढू का?" एवढेच तिने विचारले.

"चढ," डॉक्टर म्हणाल्या. "हळू चढ."

मी आजीच्या पिशवीतून घरी आलो. जिन्याखाली आल्यावर भिंगरीचे पाऊल सवयीने दोन पायऱ्या वर पडले आणि तिथेच थांबले. तिने ते परत खाली घेतले. आजीने तिचा हात धरला आणि त्या एकेक पायरी चढू लागल्या. धाकटी त्यांच्या मागे होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आजी पायरीवर बसली.

"दमलीस?" भिंगरीने विचारले.

"नाही गं. इथून मी नेहमी मान खाली घालून जाते. आज बसू जरा."

तिघी तिथे बसल्या. आजीने पिशवीत हात घालून मला चाचपले. मी आहे याची तिने खात्री करून घेतली, मी रिकामा असलो तरी.

आता मी थोरलीच्या पिनांच्या पत्र्याच्या डबीत राहतो. ती डबी आजीने टाकली नव्हती, हे तिच्याही लक्षात नव्हते. डबीत दोन पिना आहेत, एक तुटके बटण आणि मी. माझे आता काही काम नाही. कोणी काच घेऊन माझे कौतुक करणार नाही, आणि तसे कौतुक मला नकोही आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी अचानक गेले असेल, तर नशीब म्हणून गप्प बसू नका. ते कसे गेले, त्यांच्या आधी कोण गेले, हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि डॉक्टरांना सांगा. बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले तरी विचारा. काम करताना जे सुरीला चिकटते, त्रास देते, ते उचलून बादलीत टाकण्याआधी एकदा नीट पाहा. आणि घरचे कोणी जिना चढत असेल, तर खालून हाक मारून त्याला घाई करू नका. गॅस बहुतेक वेळा बंदच असतो.